जामनेरच्या हंड्यावरचं बेट

रशीदभाई, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि भांडे बाजारातून जाताना मी अजून तुमच्या ओट्यापाशी चप्पल काढायला वाकते. काल तर काढलीसुद्धा. ओट्यामागच्या भांड्याच्या दुकानातून शेठजींनी मान बाहेर काढून विचारलं, बाई, काही बघायचंय का? मला काही सुचेना, म्हणून दोन झारे घेऊन घरी आले. घरात आधीच चार आहेत.

तुमचं वय, तुमचं पिंपळनेर, तुमची मुलं-नातवंडं हे सगळं गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर लिहून झालं आहे, ते मी परत लिहीत नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी अकरा वर्षं सांगितली नाही. दुसऱ्या कोणी चार वाक्यांत सांगून टाकली असती. पण जिने जन्मभर धुळ्याच्या पोरांना भूगोल शिकवला तिला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि तुम्ही तर ते ऐकत पंधरा वर्षं काढलीत.

आपली ओळख झाली ती संक्रांतीच्या वाणामुळे. हळदीकुंकवाला वाटायच्या साठ वाट्यांवर मला नाव टाकून हवं होतं. तुम्ही ओट्यावर गोणपाट टाकून बसला होतात, मांडीवर वाटी, हातात ते घुर्र करणारं मशीन, आणि वाटीवर ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव उमटत होतं. तुम्ही कधी पेन्सिलीने आखून घेतलं नाही की कागदावर लिहून मागितलं नाही. गिऱ्हाईक कानाशी बोलायचं आणि हात लिहून मोकळा व्हायचा. मधे डोक्याला त्रास द्यायचाच नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. साठ वाट्या व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मी शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. वरच्याच पेपरला दक्षिण ध्रुवाचा नकाशा जोडलेला होता. पांढराशुभ्र, आणि कडेकडेने मुंग्यांसारखी नावं.

तुम्ही मशीन बंद केलंत. कोणाचं एवढं मोठं ताट आहे आणि त्यावर इतक्या जणांची नावं कशी, असं विचारलंत. मी म्हटलं, ते ताट नाही, खंड आहे. तिथे कोणी राहत नव्हतं. जहाजांतून माणसं गेली, त्यांनी डोंगर पाहिले, खाड्या पाहिल्या आणि नावं देत सुटली. कोणाची नावं? मी सांगायला लागले. राजाचं दिलं, राणीचं दिलं. ज्या सावकारांनी जहाजाला पैसे पुरवले त्यांना एकेक हिमनदी नाहीतर पर्वत मिळाला. तुमच्या चेहऱ्यावर जुनी ओळख पटल्याचा आनंद पसरला.

“म्हंजे हाऊ आहेरच शे ना, बाई.”

तीस वर्षांत मला जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते तुम्ही वाटी पुसता पुसता सांगून टाकलंत. लग्नात मामाने हंडा दिला की हंड्यावर मामाचं नाव. मोहिमेला पैसे दिले की डोंगरावर नाव. पुढच्या वर्षी मी नववीला तो धडा असाच शिकवला, हंड्यापासून सुरुवात करून. मुख्याध्यापकांना ते फारसं आवडलं नाही, पण पोरांना एकही नाव पाठ करावं लागलं नाही.

मग माझी दर गुरुवारची फेरी सुरू झाली. शाळा सुटली की मी एका वहीत आठवडाभर जमवलेली नावं घेऊन यायची, आणि तुम्ही मशीन चालवत ती ऐकायचात. मे महिन्यात धुळ्यात डांबर चपलेला चिकटतं, त्या उन्हात आपण दोघं बर्फाबद्दल भांडत असायचो. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. एका फ्रेंच कप्तानाने अख्ख्या किनाऱ्याला बायकोचं नाव दिलं आणि तिथल्या पेंग्विनांनाही त्याच नावाने ओळखतात, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून मशीन बाजूला ठेवलंत. जिथे बायको जन्मात पाय ठेवणार नाही तेवढीच जमीन तिच्या नावावर केली, माणूस हुशार होता, असं म्हणालात. हे तुमच्या घरी शमीमभाभींपर्यंत पोचलं. मीच पोचवलं. मग त्यांनी विचारलं, लोकांनी किनारे दिले, तुम्ही मला निदान एखाद्या तव्यावर तरी नाव दिलं का? त्यांचं चुकत नव्हतं, तुमच्या घरातल्या एकाही भांड्यावर घरातल्या माणसाचं नाव नव्हतं. जे नाव टाकताना चुकलं, गिऱ्हाइकाने नाकारलं, ते तुम्ही बदलून द्यायचात आणि चुकलेलं घरी न्यायचात. तुमच्याकडे मी कधी कुण्या दगडू पाटलाच्या पेल्यातून चहा प्यायले, कधी कुण्या सौ. कुसुमच्या.

कुठल्याशा डोंगराला जहाजाच्या आचाऱ्याचं नाव आहे हे कळल्यावर तुम्ही आठवडाभर खूश होतात. वलीमा असो की लग्नाची पंगत, पोटभर जेवून लोक नवरदेवाचं नाव काढतात, बावर्चीचं काढत नाहीत, ही तुमची जुनी तक्रार होती. मग विचारलंत, नाव टाकणारा कोणी तिथे गेला होता का? मी म्हटलं, नकाशा काढणारे गेले, त्यांची नावं आहेत की. तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्याच्या भांड्यावर आपलं नाव टाकलं की ती चोरी झाली, म्हणालात. नकाशावाल्यांना तुम्ही कधी माफ केलं नाही.

एका छोट्याशा देशाने तिथल्या हिमनद्यांना आपल्या खेड्यापाड्यांची नावं दिली आहेत, हे ऐकल्यावर मात्र तुम्ही वाटपच सुरू केलंत. एका सुळक्याला पिंपळनेर. एका खाडीला धरणगाव, कारण तुमचे साडू तिथले आणि त्यांना काहीतरी द्यायला हवंच होतं. मी सांगितलं, आता असं चालत नाही, प्रत्येक देशाची समिती असते, ती ठरवते. म्हणून तर एकेका डोंगराला दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत. या देशाचं वेगळं, त्या देशाचं वेगळं. तुम्हाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आपल्या चौकाचं नाव ठरवताना दोन मंडळांनी दोन पाट्या लावल्या होत्या आणि रिक्षावाले अजून त्याला जुना जकात नाका म्हणतात, याची तुम्ही मला आठवण करून दिलीत.

आपलं खरं भांडण वेगळं होतं. तुमचं म्हणणं, ज्याने दिलं त्याचं नाव, यात गडबड नको. माझं म्हणणं, तिथे जे घडलं त्यावरून नाव पडावं. मी वहीतून वाचून दाखवायची. एका कप्तानाला वाटलं आपल्याला दक्षिणेचं मोठं खंड सापडलं, किनाऱ्याकिनाऱ्याने गेला तर टोक आलं, ते निघालं बेट. त्या टोकाला त्याने निराशेचं नाव दिलं. एका बेटावर सहा माणसांनी बर्फाच्या गुहेत अख्खा हिवाळा काढला. त्या बेटाच्या नावाचा अर्थच शब्दांत न सांगता येण्याजोगं असा. हे ऐकून तुम्ही हातातली वाटी पुसायला घेतलीत. मग म्हणालात, आतापर्यंत एवढी भांडी केली, पण त्यावर निराशा लिहून द्या असं म्हणणारं गिऱ्हाईक एकही आलं नाही. आणि त्या दिवशी जाता जाता, जिथे कोणी राहतच नाही तिथल्या नावांबद्दल असं काही विचारलंत, की मला ते अजून सुटलेलं नाही.

“तठे कोनीच ऱ्हास नही. मंग नाव लिसन हाक कोन मारस?”

आता हंड्याकडे येते.

तो मे महिन्यातला गुरुवार होता. भिकनआबा म्हणून साक्रीकडचे एक शेतकरी भाचीच्या लग्नाची भांडी घेऊन आले होते. मुलगी जामनेरला दिलेली. ताटं, वाट्या, घागर सगळ्यांवर मामा-मामीचं नाव टाकून झालं. शेवटचा मोठा हंडा उरला. त्यावर मुलीच्या आईला वेगळं काही हवं होतं, म्हणून आबा फोन करून विचारायला पलीकडच्या टपरीवर गेले. तुम्ही हंडा मांडीत घेतला, तोंड खाली, मशीन सुरू. मी शेजारी वही उघडून बसले होते.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, हां, बोला.

मशीनच्या घुर्र आवाजात तुम्हाला वाटलं आबा परत आले. मला कळलं होतं की तुम्हाला तसं वाटलंय. आणि मी वहीतलं पुढचं नाव वाचलं, फसवं बेट. रशीदभाई, पहिलं अक्षर उमटलं तेव्हाच मला दिसलं. मी थांबवू शकले असते. हात धरायलाही उशीर झाला नव्हता. पण मला हसू आलं, आणि दुसरं अक्षर किती सुबक काढता ते बघत मी बसून राहिले. शेवटचं अक्षर झालं तेव्हा मी वही मिटली. मग शाळेच्या निकालपत्रकांचं काही काम आठवलं, निदान मी तसं म्हटलं, आणि उठून चालती झाले. आबांचा फोन लागलाच नव्हता, हे नंतर कळलं; ते परत आले तर नाव टाकून झालेलं, त्यांना वाटलं मामा-मामीचंच असेल, आणि चष्मा घरी राहिला होता. हंडा गोणपाटात बांधून गेला.

दोन आठवड्यांनी आबा ओट्यापाशी उभे होते आणि माझ्या दुर्दैवाने तो गुरुवार होता. जामनेरला मांडवात भांडी मांडली होती आणि नवरदेवाच्या काकांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला घेतलं होतं. हंड्यावर येऊन ते थांबले. मग फसवं कोण, यावर मांडवात दोन तट पडले. मुलाकडच्यांना वाटलं आम्हाला म्हणतात, मुलीकडच्यांना वाटलं मुलीला म्हणतात. लग्न कसंबसं लागलं, पण आठवडा झाला तरी सासरी पोरीशी कोणी धड बोलत नव्हतं. पोर फोनवर रडते, असं सांगताना आबांचा आवाज चढला नाही. उलट खालीच गेला. हे असं लिहायला कोणी सांगितलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

“मन्ही चूक शे, आबा.”

मी तिथेच होते. तोंड उघडायचं होतं, बस. पण बाजारात डावीकडे माझा एक विद्यार्थी, उजवीकडे दुसरा, समोर तिसऱ्याची आई. बाईंनी लग्नाच्या हंड्यावर खोडी केली हे संध्याकाळपर्यंत देवपूरच्या टोकापर्यंत गेलं असतं. मी फक्त एवढं म्हटलं की मी सोबत येते, त्यांना भूगोल समजावून सांगते. आबांनी माझे आभार मानले. तेच मला जास्त लागलं.

जळगावला एसटी बदलून आपण जामनेरला गेलो. तुमच्या हातात केळीची फणी, माझ्या हातात शाळेतून आणलेला जगाचा नकाशा, गुंडाळलेला. बसमध्ये तीन जणांनी विचारलं मोजणीला चाललात का. मुलाकडच्यांच्या ओसरीवर मी नकाशा खुंटीला टांगला आणि अक्षांशांपासून सुरुवात केली. आज आठवलं तरी कान गरम होतात. पंधरा मिनिटं बोलले. सासरे गंभीर होत गेले. काकांनी विचारलं, ही जमीन कोणाच्या नावावर आहे? मी म्हटलं कोणाच्याच नाही. त्यांनी मान हलवली, म्हणजे वादातली आहे. खांबाआड नवी सून उभी होती, मेंदी अजून उतरलेली नव्हती, आणि मी तिचं प्रकरण आणखी बिघडवत होते.

मग मुलाच्या आईने, सगळे त्यांना अक्का म्हणत होते, हात वर करून मला थांबवलं आणि तुमच्याकडे वळून विचारलं, तुम्ही सांगा, ते बेट दिसतं कसं?

मला वाटायचं तुम्ही मशीनच्या आवाजात अर्धंच ऐकता. तुम्ही केळी खाली ठेवलीत, ओसरीवर आणून ठेवलेल्या हंड्याची कड दोन्ही हातांनी धरलीत आणि म्हणालात की बाहेरून आलेल्या जहाजाला तो नुसता काळा डोंगर दिसतो. कोणी म्हणेल इथे काय ठेवलंय, चला पुढे. पण एका बाजूला बारीक फट आहे. तिच्यातून आत गेलं की मधे सगळं पाणी, शांत, चहूबाजूंनी भिंत, वादळात अडकलेली जहाजं तिथे येऊन थांबायची. आणि एवढ्या बर्फात तिथली वाळू गरम, खड्डा केला की कढत पाणी. त्याला फसवं म्हणतात ते यासाठी. वरून वाटतं त्याहून आत चांगलं निघालं, म्हणून.

हे सगळं मीच तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या वहीत होतं. पण त्या ओसरीवर मला फक्त अक्षांश आठवले.

अक्कांनी हंड्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तुम्ही म्हणालात, नाव पूर्ण पुसता येणार नाही, पण मी त्यावर वेलबुट्टी काढून देतो, कळणार नाही. अक्कांनी हंडा स्वतःकडे ओढला. “अजिबात पुसू नका,” त्या म्हणाल्या. “या घरात आली तेव्हा मले बी सगळे काळा डोंगरच म्हणत होते.” मग त्यांनी खांबाकडे बघून सुनेला चहा ठेवायला सांगितलं, आणि स्वतःही तिच्यामागे आत गेल्या. आतून दोघींचं बोलणं ऐकू यायला लागलं. आबांची भाची आता दोन मुलांची आई आहे आणि हंडा पाण्याच्या खोलीत मानाने बसला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

तुम्हाला माहीत नव्हतं, किंवा होतं, ते एवढंच की चूक तुमची नव्हती.

त्यानंतर तुमच्या घरात काय झालं ते मी डोळ्यांनी बघत होते. भाभींनी तुम्हाला सोडलं नाही. साखर आणायची विसरलात की आज पुन्हा जामनेर केलं. दूध उतू गेलं की दुधाचं जामनेर झालं. नातवंडं शाळेत गणित चुकली की घरी येऊन सांगायची, एका गणिताचं जामनेर झालं. घडलं त्यावरून नाव पडावं हे माझं म्हणणं तुमच्याच घरात खरं ठरत होतं आणि मी तुमच्यासमोर बसून दगडू पाटलाच्या पेल्यातून चहा पीत होते. भाभी बोलायच्या, तुम्ही खाली बघून हसायचात, मी बिस्कीट बुडवायची. अकरा वर्षं. दर गुरुवारी ठरवायची, आज सांगून टाकू. मग तुम्ही विचारायचात, वहीत आज काय आहे, आणि मी वही उघडायची.

तुम्ही ओळखलं होतंत का, हे मला आता कधीच कळणार नाही. आबांसमोर तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, ते खरंच काही आठवत नव्हतं म्हणून की सगळं आठवत होतं म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. पहिलं असेल तर मी तुम्हाला फसवलं. दुसरं असेल तर तुम्ही मला सांभाळलंत. दोन्हींत माझी मान खालीच जाते. आणि तरी खरं सांगू, तुमच्याकडून मला जे मिळालं त्याचे आभार मानायला गेले तर हा हंडाच आधी समोर येतो. भूगोल नुसता नकाशावर नाही, ओसरीवर सांगता यायला हवा, हे मी निवृत्तीच्या तोंडावर तुमच्याकडून शिकले.

परवा तुमच्या घरी गेले होते. बायका बसल्या होत्या. कोणीतरी भाभींना धीर द्यायला तुमच्या हाताचं कौतुक करत होतं, एवढं काम केलं पण अक्षर कधी हललं नाही. भाभी रडता रडता म्हणाल्या, एकच जामनेर केलं त्यांनी. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मला ते हसू सहन झालं नाही. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हां, बोला, असं ते म्हणाले आणि मी बोलले, मला दिसत होतं आणि मी थांबवलं नाही. चूक माझी होती.

खोलीतल्या बायका भाभींकडे वळल्या. मला वाटलं भाभी म्हणतील, जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट. त्या तसं म्हणाल्या नाहीत. डोळे पुसायचे थांबून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“मंग अकरा वरीस मी त्यासले बोलनी, ते आते कोनले सांगू?”

मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. बाकीच्या बायका एकेक करून उठल्या. आम्ही दोघीच उरलो, दोघींना तुमच्याशी बोलायचं होतं आणि दोघींनीही वेळ घालवला होता. मग त्यांनी विचारलं, तुम्ही लिहिता ना बाई? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग लिहा.

म्हणून हे लिहिलं. माझ्या बाजूचं वर आलंच आहे, रशीदभाई. मला माफ करा. भाभींनी त्यांचा निरोप माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, मधे मी काही घालू नये म्हणून. जामनेरवरून जे जे बोलल्या ते सगळं त्यांनी मागे घेतलं आहे, असं तुम्हाला कळवायचं आहे.

बाकीचं नाही, म्हणाल्या. ते कायम आहे.